अंगणातली वन-टन

बळीराम निनावे यांनी नोकरीभर ट्रकचा मागचा ॲक्सल बसवला. पुढचा नाही, मागचा. जबलपूरच्या गाड्यांच्या कारखान्यात ते ज्या सेक्शनला लागले, त्याच सेक्शनमधून निवृत्त झाले. ॲक्सल बसला की सांगाडा पुढच्या सेक्शनला सरकायचा, तिथून त्याच्या पुढच्या, आणि तयार झालेली गाडी पलीकडच्या फाटकातून सैन्याकडे जायची. बळीराम अलीकडच्या फाटकातून सायकलवर रांझीला घरी यायचे. आपण बसवलेला ॲक्सल रस्त्यावर कसा वाजतो, की वाजत नाही, हे त्यांनी गाडीत बसून एकदाही ऐकलं नव्हतं. तेवढी एक गोष्ट त्यांच्या मनात राहून गेली होती.

म्हणून सैन्याच्या लिलावातून आलेली एक जुनी वन-टन त्यांना एका ठेकेदाराच्या आवारात गवतात उभी दिसली, तेव्हा त्यांनी घरी विचारलं नाही. एक टन माल नेणारी, पुढे दोघांची केबिन, मागे उघडा हौदा. क्रेनवाला तिला अंगणात सोडून गेला आणि पाठोपाठ त्यांच्या पत्नी शकुबाई भाजीची पिशवी घेऊन आल्या.

"हे काय आणलं?"

"वन-टन."

"ते दिसून राहिलं. काहून आणलं?"

"हिचा ॲक्सल आमच्या सेक्शनचा हाय," बळीराम म्हणाले.

"मग ॲक्सल आणायचा होता. सगळा ट्रक काहून उचलून आणला?"

शकुबाईंची तक्रार रास्त होती. होळी झाली की त्या अंगणात कुरडया, सरगुंडे आणि मुगवड्या वाळायला पडायच्या. रांझीपासून गढ्यापर्यंत जितकी मराठी घरं, तितक्या घरांचं वाळवण शकुबाईंच्या हातचं. खाटा, जुनी धोतरं, वर ऊन आणि खाली अंगण, एवढंच त्यांना लागायचं. त्यातलं अंगण आता ट्रकखाली गेलं होतं.

त्यांनी पिशवी ठेवली, ट्रकला एक फेरी मारली आणि निकाल दिला. "होळीपर्यंत हे धूड फाटकातून बाहेर गेलं पाहिजे. ढकलून नाही, दोरीनं ओढून नाही. सुरू होऊन, आपल्या पायानं. नाही तर ओमतीचा कबाडी बोलावते मी, भंगारात देते हे."

"आणि आपल्या पायानं गेली तर?"

"गेली तर ठेवा. पलीकडच्या मैदानात उभी करा, पूजा करा, काय करायचं ते करा."

दुसऱ्या दिवशी सकाळी चहाला कारखान्यातले तिघे जुने सोबती जमले. बाबाराव भोंगाडे इंजिनच्या सेक्शनचे. अण्णा पेंटचे. आणि पुंडलिक ठवकर टेस्टचे. तयार गाड्या ट्रॅकवर पळवून तपासायच्या तिथले. चौघांच्या मिळून नोकऱ्या धरल्या तर त्यांच्या हाताखालून गेलेल्या गाड्यांनी नर्मदेचा अख्खा काठ भरला असता. बळीरामांना पक्की खात्री वाटली की ट्रक होळीच्या कितीतरी आधी फाटकाबाहेर जाईल.

काम कारखान्याच्याच शिस्तीने सुरू झालं. म्हणजे कोणी कोणाच्या कामाला हात लावायचा नाही. बाबारावांच्या हातात पाना असला आणि ॲक्सलचा एक बोल्ट ढिला दिसला, तरी ते बळीरामांना हाक मारून दाखवत, आवळत नसत. "ते आमच्या सेक्शनचं नाही बापा," असं म्हणून ते बाजूला व्हायचे. अण्णा तर गंज खरवडायलाही तयार नव्हते. गंज काढणारे वेगळे असत, रंग मारणारे वेगळे. शेवटी गंज बळीरामांनी काढला.

जुनं पेट्रोलचं इंजिन एवढं प्यायचं की ते ठेवण्यात अर्थ नव्हता. बाबारावांनी एका मोडीत निघालेल्या जीपचं डिझेल इंजिन मिळवलं, उघडलं, धुतलं, पुन्हा जोडलं. ते बसवायच्या पट्ट्या रिछाईतल्या एका वर्कशॉपमधून कापून आल्या. त्याच वर्कशॉपमध्ये पॉवर स्टिअरिंगचा पंप पडून होता. तो घ्यायचा की नाही यावर वाद झाला. बळीरामांना गाडी होती तशीच हवी होती.

"घेऊन टाक," पुंडलिक म्हणाले. "जुनं स्टिअरिंग ट्रॅकच्या वळणावर कसं जड जायचं, ते मी पाह्यलं हाय. घामाच्या धारा लागायच्या."

टेस्टवाला बोलला म्हटल्यावर विषय संपला. गाडी शेवटी पुंडलिकच काढणार, हे कोणी बोललं नव्हतं, पण ठरलेलंच होतं.

बळीराम ॲक्सलमध्ये बुडाले. आतल्या दोन दातेरी चाकांचे दात एकमेकांना नेमके कुठे टेकतात ते बघायला दातांवर रंग लावून चाक फिरवायचं असतं. कारखान्यात त्यासाठी खास लाल रंग मिळायचा. घरी तो कुठून येणार? दोन दिवसांनी शकुबाई देवापुढून कुंकवाचा करंडा घेऊन बाहेर आल्या.

"यातलं कुंकू कुठं गेलं?"

बळीरामांनी तेलकट बोटाने ट्रकखाली दाखवलं. शकुबाई वाकल्या. ॲक्सलच्या उघड्या पोटात एकेक दात कुंकवाने माखला होता.

"माझ्या कपाळाला एवढ्या निगुतीनं कधी लावलं नाही," त्या म्हणाल्या आणि करंडा तिथेच ठेवून गेल्या. बळीरामांनी पत्र्याच्या पातळ चकत्या घालून, काढून, पुन्हा घालून दात जुळवले. कुंकवाचा डाग प्रत्येक दाताच्या बरोबर मध्यावर पडला, तेव्हा ते ट्रकखालीच पडून स्वतःशी हसले.

रंगाचं वेगळंच झालं. अण्णांनी जन्मभर एकच रंग मारला होता, सैन्याचा हिरवा. तो खाजगी गाडीला चालत नाही. बड्या फुहाऱ्याच्या बाजारातल्या दुकानात रंगांचं पत्रक हातात दिल्यावर अण्णा ते दोनदा उलटून पाहून, रंग न घेता नुसतं पत्रकच घेऊन परत आले. "इतके रंग कशाले ठेवतात हे लोक?" एवढंच म्हणाले. मग पत्रकावर शकुबाईंनी बोट ठेवलं. पिकल्या लिंबाचा पिवळा. पहिला हात मारताना अण्णांनी डोळे बारीक केले होते, दुसऱ्या हाताला ते शीळ घालत होते.

खरा खोळंबा झाला वायरिंगचा. ते चौघांपैकी कोणाच्याच सेक्शनचं नव्हतं, त्यामुळे कोणाच्या ध्यानातच आलं नाही. ट्रक रंगून उभा होता, इंजिन बसलं होतं, आणि बाबारावांनी किल्ली फिरवली तर दिवासुद्धा लागेना. बॉनेट उघडल्यावर चौघांनी एकमेकांकडे पाहिलं. शेवटी चौकातला बॅटरीवाला आला आणि त्याने तारा ओढून दिल्या. शकुबाई ओसरीवर वाटाणे सोलत बसल्या होत्या. त्या एवढंच म्हणाल्या, "अजून काय राहिलं हाय ते एकदा पाहून घ्या."

कोणी पाहिलं नाही.

सीट एका जुन्या मोटारीची आणून बसवली. कव्हर शकुबाईंनी शिवलं आणि ते नीट बसलं का ते बघायला त्या स्वतः चढून बसल्या. दोन्ही हात स्टिअरिंगवर ठेवून त्यांनी ते थोडं इकडे, थोडं तिकडे फिरवलं.

"सीट दूर हाय. पाय पुरत नाही."

"तुझे पाय कुठं पुरवायचे हाय?" बळीराम म्हणाले. बाबाराव हसले. शकुबाई उतरल्या आणि आत गेल्या.

खरं तर शकुबाईंनी सांगितलं नव्हतं असं नाही. त्यांचे वडील बालाघाटकडे तेंदूपत्त्याच्या ठेकेदाराचे मुकादम होते. डेपोवर एक जीप होती, आणि सोळाव्या वर्षी शकु ती डेपोपासून नाल्यापर्यंत नेऊन आणायची. लग्नानंतर सायकलच्या कॅरिअरवर बसून चढ लागला की हे त्या दरवेळी सांगायच्या. बळीराम "हाव" म्हणायचे आणि पॅडल मारायचे. त्यांना ते खोटं वाटलं नव्हतं. त्यांनी त्याचा कधी विचारच केला नव्हता.

होळीच्या आदल्या दिवशी सकाळी ओमतीचा कबाडी जग्गीभैया हातगाडी, दोन माणसं आणि लोखंड कापायची गॅसची नळी घेऊन दारात आला. शकुबाई शब्दाच्या पक्क्या होत्या. बळीराम मात्र बेफिकीर होते. पिवळी वन-टन फाटकाकडे तोंड करून उभी होती. बाबारावांनी खिडकीतून हात घालून किल्ली फिरवली आणि इंजिन पहिल्या झटक्यात लागलं. गल्लीतले लोक गोळा झाले. अण्णांनी बॉनेटवरची एक माशी रुमालाने उडवली.

"चल पुंडलिक," बळीराम म्हणाले.

पुंडलिकांनी शर्ट नीट केला, डाव्या बाजूने वर चढले, दार लावलं आणि समोर बघत बसले.

सगळे थांबले. पुंडलिकही थांबले.

"अरे, इकडून बस," बळीराम म्हणाले.

"मी इकडूनच बसत होतो."

"म्हणजे?"

"ड्रायव्हर तिकडून बसे. मी शेजारी. मीटर वाचून सांगायचो. तेल किती, गरमी किती, स्पीड किती."

"मग काल का नाही बोलला?"

"तुम्ही कोणी विचारलं का? मले वाटलं बाबाराव काढते."

बाबारावांनी हात वर केले. "सुरू करणं आमचं. केलं सुरू. चालवणं कोणत्या सेक्शनचं हाय ते मले माहीत नाही." अण्णांकडे कोणी पाहायच्या आधीच ते म्हणाले, "मी तर चढावर सायकलसुद्धा हातात धरून नेतो."

जग्गीभैयाने हे सगळं शांतपणे ऐकून घेतलं. "तो चलाएगा कौन?" त्याने विचारलं. "कहो तो मैं चला दूँ. सीधे ओमती तक."

गल्लीतले लोक हसले. बळीरामांना हसू आलं नाही. इंजिन सुरू होतं, ॲक्सल जुळलेला होता, फाटक उघडं होतं, आणि ट्रक तसाच उभा होता. त्यांनी ओसरीकडे पाहिलं. शकुबाई खांबाला टेकून उभ्या होत्या. बळीराम त्यांच्याजवळ गेले.

"शकु, ती डेपोवरची जीप. ती तू खरंच चालवायची?"

"मग इतकी वर्षं मी काय सांगून राहिली होती?"

बळीराम म्हणाले, "मी ऐकलंच नाही नीट."

शकुबाईंनी क्षणभर त्यांच्याकडे पाहिलं. मग आत जाऊन एक पाट आणि घडी घातलेली वाकळ आणली, पदर कमरेला खोचला, चपला ओसरीखाली काढल्या आणि उजवीकडून वर चढल्या. पाट पाठीमागे, वाकळ पाटापुढे. पाय पुरले.

"जग्गीभैया, ठेला हटाओ," त्या म्हणाल्या.

पहिल्या झटक्याला इंजिन बंद पडलं. कोणीतरी "अरे अरे" केलं. बाबारावांनी खिडकीतून हात घालायला पाहिलं, तेव्हा शकुबाईंनी तो बाजूला केला. "आता हे तुमच्या सेक्शनचं नाही," त्या म्हणाल्या आणि किल्ली स्वतः फिरवली. दुसऱ्यांदा क्लच हळू सुटला. वन-टन एक हिसका देऊन पुढे सरकली. ते बघून बळीराम धावले, मागचा फळा धरून हौद्यात चढले आणि बरोबर ॲक्सलच्या वर फळ्यांवर कान टेकून आडवे झाले.

गाडी फाटकातून बाहेर पडली. मैदानापर्यंत मोठा रस्ता लागत नव्हता ही त्यातली जमेची बाजू, कारण लायसन्स कोणाकडेच नव्हतं. वळणावर स्टिअरिंग एका हाताने फिरलं. केबिनमधून पुंडलिकांचा आवाज येत होता, खणखणीत, जुन्या सवयीचा. "स्पीड पंधरा. तेल बरोबर. गरमी बरोबर. स्पीड अठरा." मागे अण्णा आणि बाबाराव पायी धावत होते. फळ्याची साखळी खुळखुळत होती, हौद्यात राहिलेला एक नट इकडून तिकडे घरंगळत होता.

बळीरामांनी हे सगळे आवाज एकेक करून बाजूला काढले आणि त्यांच्या खालचा आवाज शोधला. मैदान आलं. खड्डे आले. गाडीने पिंपळाला वळसा घातला.

"काही ऐकू येऊन राहिलं का?" शकुबाईंनी आरशात बघत ओरडून विचारलं.

चांगला जुळलेला ॲक्सल वाजत नाही. बळीरामांनी कान तसाच ठेवला. पिवळ्या रंगाचा वास अजून ओला होता.

"काहीच नाही," ते म्हणाले, आणि हसू इतकं आलं की पुढचं त्यांना बोलता येईना. "काही म्हणजे काहीच नाही."

"मग अजून एक चक्कर मारते," शकुबाई म्हणाल्या आणि गिअर बदलला.

घरी मोकळ्या अंगणात जग्गीभैया करंज्या खात बसला होता. त्याची माणसं पेट्रोलचं जुनं इंजिन हातगाडीवर चढवत होती. येणार येणार म्हणून तो बराच वेळ फाटकाकडे बघत राहिला, पण वन-टन काही लवकर परत आली नाही.