मंडईत समुद्र

अडीच वर्षांच्या टीनाला वरणभात भरवता भरवता हर्षाने फोनवर बातमी वाचली. नवऱ्याने घेतलेला तो महागडा चष्मा कंपनी पुढे काढणार की बंद करणार, कोणालाच ठाऊक नव्हतं. तिला बरं वाटलं. राजकुमारचं वेड उतरलं तर यानेच उतरेल.

राजकुमारचं मोहाडीत कापडाचं दुकान होतं, बरं चालणारं. पण पुण्याच्या मित्राकडून तो चष्मा घेतल्यापासून त्याचं मन थाऱ्यावर नव्हतं. डोळ्यांवर चढवला की समोरची खोली दिसायची आणि त्या खोलीतच समुद्र यायचा. दिवाळीनंतर गावोगावी मंडई भरते, त्या जत्रेत हा समुद्र दहा-दहा मिनिटं दाखवत फिरायचं, असा त्याचा बेत. आंधळगावची मंडई आठ दिवसांवर आली होती. दुकान शेजारच्या भय्याजीला चालवायला द्यायचं बोलणंही झालं होतं, आणि भय्याजी एकदा गल्ल्यावर बसला की उठणारा माणूस नव्हता.

"कंपनीच बंद करून राहिली म्हणते," हर्षा म्हणाली.

"तं अजून चांगलं. दुसऱ्या कोणाजवळ राहणारच नाही."

शेवटी दोघांत ठरलं. आईने दहा मिनिटं चष्मा घालून आणखी मागितला, तर मंडई. नाही मागितला, तर चष्मा विकायचा आणि दुकान आपणच चालवायचं.

आई म्हणजे हर्षाच्या सासूबाई, ताराबाई.

हर्षाने आठवडाभर बारीक लक्ष ठेवलं होतं. त्या चष्म्याला हाताची चिमटी म्हणजे हुकूम; चिमटी केली की समोरचं चित्र बदलायचं. म्हणून ताराबाई खाटेवर बसल्या तसं तिने निवडायच्या नव्या तांदळाचं सूप अलगद त्यांच्या मांडीवर ठेवलं. रिकाम्या हाताने बसणं सासूबाईंना जन्मात जमलं नव्हतं.

चष्मा चढला. त्याची वायरने जोडलेली बॅटरी ताराबाईंनी बटव्यासारखी कमरेला खोचली. त्यांना जे दिसेल ते राजकुमारच्या मोबाइलवरही दिसत होतं.

"दिसला समुद्र?"

"दिसला गा. पाणी तं लय आहे." आणि सवयीने त्यांनी एक खडा चिमटीत धरला.

समुद्र गेला. दुसऱ्या खड्याला बर्फ पडायला लागला. तिसऱ्याला कसलीशी लांबलचक यादी उघडली.

"आई, हात नको हालवू."

"हात नको हालवू तं तांदूर कोण निवडन? तुझा समुद्र?"

हर्षाने तोंड फिरवून हसू गिळलं. तेवढ्यात ताराबाईंच्या चिमटीने यादीतलं काहीतरी भलतंच दाबलं. त्या सुपावर वाकल्या.

"अवं हर्षा, हा खडा पाय. बोरायवढा दिसून राहिला."

मोबाइलवर नुसतं सूप दिसत होतं, एकेक दाणा बोटाएवढा. नजर अधू असलेल्यांसाठी मोठं करून दाखवायची सोय सुरू झाली होती. दोन वर्षांपासून ताराबाई अंदाजानेच तांदूळ निवडत होत्या आणि घरातली माणसं खडे मुकाट्याने चावत होती.

हर्षा घड्याळाकडे पाहू लागली. दहा मिनिटं झाली, पंधरा झाली.

"आई, आणखी पाहिजे काय?" राजकुमारने मुद्दाम मोठ्याने विचारलं.

"पाहिजे ना."

त्याने बायकोकडे असं पाहिलं, जसं निवडणूक जिंकलेला सरपंच पाहतो. "मंग ठरलं. मंडईले जातो."

"जा ना, मी कायले अडवू? पण हे इथंच राहीन. तीन पोते तांदूर पडला आहे. सारा निवडून होईवरी मी काढत नाही."

"अन् किती दिवस लागन?"

"होळी तं येनच."

"आई, होळीपर्यंत कंपनी राहते का नाही, त्याचा भरोसा नाही."

"राहो का जावो. मले खडा दिसल्याशी मतलब."

राजकुमारने हात पुढे केला. ताराबाईंनी त्यावर टिपलेले खडे ठेवले. ते मुठीत धरूनच अंगणात जाऊन त्याने भय्याजीला फोन लावला. आता नाही, होळीनंतर पाहू.

होळीनंतर मंडई कुठली? हर्षाचा जीव भांड्यात पडला, पण पुरता नाही. सासूबाईंचा हात भलताच झपाट्याने चालला होता. या वेगाने तीन पोती होळीपर्यंत पुरतील का, याची तिला शंका आली.

"आई," ती जवळ सरकून म्हणाली, "बपेऱ्याहून माझ्या बाबांकडचे दोन पोते बोलावून घेऊ काय? त्यांच्या तांदळात खडे लय असतात."