शिवेवरचा कॅफे

ऐक ना रो, मध्ये बोलू नकोस, आधी सगळं ऐक. तू तिकडे युनिव्हर्सिटीत बसून काय काय हुकवतेयस, तुला कल्पना नाही.

तो लव्हलॉक आठवतो ना, लंडनहून आला आणि धबधब्याची अख्खी दरी विकत घेतली? काय करून ठेवलंय गं त्याने तिथे! लाकडी पूल, लांब मानेच्या लोकरी अल्पाकांचा कळप, झाडाझाडाखाली सिमेंटचे बुटके. आपण ज्या खडकावरून पाण्यात उड्या मारायचो ना, तिथे पाटी लावलीय, 'राक्षसाची खुर्ची'. कुठला राक्षस? तिथे फक्त तुझा भाऊ बसायचा! वर काचेचा कॅफे, फाटकावर तिकीटखिडकी, आणि खिडकीत कोण? मी. हिरवा टीशर्ट, छातीवर धबधबा. हसू नकोस. आपल्या गावात दुसरी कुठली नोकरी आहे सांग. बससुद्धा मनात आलं तर येते.

तर आली मे महिन्यातली शीवफेरी, अख्खा गाव दगडादगडावर काठ्या हाणत शिवेवरून सरळ चालतो ती; वळसा घातला तर ती फेरीच नव्हे. लहानपणी शिवेच्या प्रत्येक दगडाशी आपल्याला उलटं धरून डोकं टेकवायचे, शीव कुठून जाते ते जन्मभर विसरू नये म्हणून, आठवतं? तू तर गिरणीजवळच्या दगडावर ओकली होतीस. मग आता सांग, धबधब्याजवळचा दगड कुठेय? कॅफेत! त्याने तो हलवला नाही, तेवढा हुशार आहे. भोवती भिंती उभ्या केल्या, दगडावर फळी टाकली आणि फळीवर केक मांडले.

आणि खरी गोम पुढेच. शिवेवरून जाणारी आपली वाट बंद करा म्हणून त्याने कौन्सिलकडे अर्ज टाकलाय. म्हणे ती कुणी वापरतच नाही. म्हणजे यंदा फेरी वळसा घालून गेली असती तर संपलंच होतं. बघा, म्हणाला असता, गावालाच वाट नकोय. मग धबधबा त्याचा, पाणी त्याचं, आणि आपण पोहायला जायचं तरी तिकीट काढून.

शनिवारी मला म्हणतो, "टॅम्सिन, उद्या तुमची ती काठ्यावाली मंडळी आली की त्यांना बाहेरून वळसा दाखवायचा. तिकिटाशिवाय एक मांजर जरी आत आलं ना, तर सोमवारी तू येऊ नकोस."

रविवारी हे ऊन! दोन बस भरून पाहुणे. रांग पार गाड्यांपर्यंत. आणि टेकडीवरून आला आपला गाव, विलोच्या झाडाच्या सोललेल्या काठ्या घेऊन, "सरळ! सरळ!" ओरडत. पुढे पाद्रीणबाई, झगा आणि चिखलाचे बूट. शेजारी आमची हेस्टर आत्या, बाह्या वर करून. टपालाच्या थैल्या उचलून उचलून तिचे दंड कसे झालेत, बघितलेस ना? म्हटलं झालं, आता फाटक मोडणार.

आणि रो, त्यांनी रांग बघितली. आणि रांगेत उभे राहिले. शेवटी जाऊन! बंड करायला आलेली माणसं गं, आणि म्हातारा यँडल पुढच्या बाईला विचारतोय, "तुमच्यामागे मीच ना?"

मी नंतर आत्याला विचारलं, असं का केलंत? तर म्हणाली, "मग काय मध्ये घुसायचं? आपण काय जनावरं आहोत?"

पुढचे पाहुणे तिकीट काढून आत गेले, गावकऱ्यांच्या मागे आणखी एका बसची माणसं येऊन उभी राहिली, आणि गावातला पहिला खिडकीशी आला यँडल.

"काय गं टॅम्सी, केवढ्याला?"

"बारा पौंड, यँडलकाका."

"बारा? वर चढतो की काय तुमचा धबधबा?"

"खालीच पडतो."

"मग जरा विचार करतो." टोपी उचलली आणि शपथ घेऊन सांगते, गेला परत रांगेच्या शेवटी!

त्याला खरंच महाग वाटलं होतं गं, बाकी काही नाही. पण मागच्यांनी बघितलं ना! एकीने विचारलं, अल्पाका चावतात का? चावत नाहीत म्हटल्यावर, "मग काय मजा," म्हणून शेवटी. पाद्रीणबाई म्हणाल्या, "पाद्र्यांना सवलत आहे का?" मी म्हटलं नाही. "देवाची कृपा, नाहीतर मोह झाला असता." त्याही शेवटी. रांग संपेचना! सगळे कसे शिस्तीत, हसतमुख, थर्मासमधला चहा एकमेकांना देतायत, बसवाल्यांनाही.

लव्हलॉक धावत आला, लालबुंद. "काय चाललंय हे? हाकल त्यांना!"

"साहेब, रांगेत उभे आहेत ते."

"तिकीट कुठे घेतायत?"

"विचार करतायत, साहेब."

मग त्याने जे केलं ना! सरळ बाहेर जाऊन ओरडला, "ज्यांना खरंच तिकीट हवंय, त्यांनी पुढे या!" एकही जण हलला नाही. बसमधला एक गृहस्थ, ना ओळख ना पाळख, म्हणाला, "अहो, असं कसं? यांचा नंबर आहे आमच्या आधी." आणि अख्ख्या रांगेने 'च्च' केलं. चेहरा बघायला हवा होतास त्याचा!

आणि मग आत्याचा नंबर आला. तिने किंमत विचारलीच नाही. "टॅम्सिन, मी पाहुणी नाही. मला सरळ जायचंय."

लव्हलॉक माझ्या मागे येऊन उभा. "सोमवार लक्षात ठेव."

आत्याने ना डोळे वटारले, ना गळ घातली. खिडकीतून एक काठी आत सरकवली. "ही तुझी. सकाळपासून दोन वागवतेय, हात मोडला माझा."

रो, मी काठी बघितली, आणि उचलला फाटकाचा दांडा. खिडकीवर पाटी लावली, 'आत्ता येते', आणि मी पण निघाले त्यांच्याबरोबर.

काहीसुद्धा मोडलं नाही हं कुणी. पाद्रीणबाईंनी कॉफीचा केक दोन्ही हातांनी अलगद दुसऱ्या टेबलावर ठेवला, फळी काढली, आणि सगळ्यांनी दगडावर काठ्या हाणल्या. मग प्रश्न आला, यंदा डोकं कुणाचं?

यँडल म्हणाला, "जी विसरत चालली होती तिचं."

मला उलटं केलं गं! हिरवा टीशर्ट तोंडावर, आणि डोकं टण्णकन दगडावर. बसवाल्यांनी टाळ्या वाजवल्या.

"बाहेर! सगळे बाहेर व्हा!" लव्हलॉक ओरडतोय.

"जातोच आहोत की," आत्या म्हणाली. "सरळ." आणि सरळ म्हणजे बरोबर त्या दारातून, जे फक्त आग लागल्यावर उघडायचं असतं. भोंगा वाजायला लागला, अल्पाका चौखूर उधळले, आणि आम्ही भोंग्याच्या तालावर "सरळ! सरळ!"

आज सकाळी मी टीशर्ट परत द्यायला गेले. खिडकीत तो स्वतः बसलेला. म्हणाला, "माफी माग, आणि यापुढे त्या वाटेवर पाऊल टाकणार नाही असं कबूल कर. मग नोकरी तुझी."

मी टीशर्ट नीट घडी करून त्याच्यासमोर ठेवला. म्हटलं, "जरा विचार करते." आणि रांगेच्या शेवटी जाऊन उभी राहिले. रांगेत मी एकटीच होते. परत खिडकीशी आले, परत म्हटलं, "अजून विचार करतेय." जेवायच्या वेळेपर्यंत तेच चाललं होतं, आणि मग यँडल आला आणि माझ्यामागे उभा राहिला.

आता नोकरी नाही, काठी तेवढी आहे. तू काय केलं असतंस गं, रो?