दोरीच्या बाहेरून

खिशातली लाकडी खुंटी बोटाला टोचत होती... करंगळीएवढी, वरून वाटीसारखी खोलगट, चेंडू टेकवायची. ‘जास्तीची आहे, सांभाळा’ म्हणून प्रणालीनं सकाळी स्कूटरवरून उतरताना हातात दिलेली. तिच्यावर अंगठा फिरवत हेमराज पुन्हा एकदा हिशेब करत होता, की या सगळ्यातून आपल्या पदरात नक्की काय पडणार. हिशेब इतवारीच्या बाजारातल्यासारखा सरळ होता. क्रिकेटला पोरांची झुंबड, बॅडमिंटनला त्याहून मोठी. आणि गोल्फला आंतरशालेय स्पर्धा असूनही चौदा वर्षांखालच्या पोरी आल्या होत्या सात. बाजारात माल कमी असला की भाव आपण सांगायचा, हे कापडाच्या दलालीत उभं आयुष्य घालवलेल्या माणसाला कुणी शिकवावं लागत नाही. सातांतल्या दोघी राज्याच्या स्पर्धेला पुण्याला जाणार, तिथून प्रमाणपत्र, आणि प्रमाणपत्रावरून पुढं कॉलेजात खेळाडूची जागा. शाळेनं हा खेळ सुरू केला तेव्हा बाकीचे पालक ‘साहेबलोकांचे चोचले’ म्हणून हसले, आणि हेमराजनं पहिल्याच दिवशी पोरीचं नाव घातलं. याशिवाय एक बाब होती, जी त्यानं बायकोलाही सांगितली नव्हती — या हिरव्यागार गवतावर कुणीतरी ‘प्रणालीचे बाबा ना?’ म्हणून हात पुढं करावा.

अजून कुणी केला नव्हता. पालकांनी दोरीच्या बाहेरून चालायचं होतं. पोरीला काही सांगायचं नाही, खुणवायचं नाही. सांगितलं तर दोन फटके तिच्या नावावर चढणार. आणि हा खेळ तर असा, की ज्याचे फटके कमी तो जिंकला — हेमराजला ठाऊक असलेला हा एकच धंदा, जिथं कमी उलाढाल करणारा पुढं जातो.

‘काय गा हेमराजभाऊ, खिशात काय चाळवून राहिले? मंत्र टाकून राहिले का माझ्या पोरीवर?’

शेजारून चालणारा धम्मानंद. पोस्टात नोकरी. त्याची माया दुसऱ्या शाळेकडून, प्रणालीच्याच जोडीनं खेळत होती. सकाळपासून दोन्ही बाप खांद्याला खांदा लावून चालले होते, आणि दोघांनाही पक्कं माहीत होतं की पहिली जागा पुढच्या जोडीतल्या उंच पोरीनं कधीच नेली आहे. उरलेली एक या दोघींपैकी एकीची.

‘तुमच्या पोरीले मंत्र लागते का? मघाचा चेंडू तर मले वाटलं सक्करदऱ्याच्या तलावातच पडते.’

‘तलावात पडला असता तर नशीब म्हटलं असतं. वाळूत पडला न!’

हसता हसता हेमराजचा डोळा प्रणालीच्या खांद्यांवर होता. क्लब, म्हणजे ती खेळायची काठी, मागं जातो, क्षणभर थांबतो, आणि मग खाली... त्यांचे सर या थांबण्याला लय म्हणतात. सर म्हणोत. ते थांबणं मी आधी पाहिलेलं आहे. तांडापेठेतल्या घरात, खड्ड्यात पाय सोडून मागावर बसलेले नत्थूजी — माझे बाबा — डावीकडून धोटा सुटायचा, उजवीकडे पोचायचा, आणि फणी ठोकण्याआधी त्यांचा हात असाच, कुणाची तरी वाट पाहावी तसा, अधांतरी राहायचा. मी शेजारी बसून धोट्यात घालायच्या सुताच्या कांड्या भरायचो. माझा हात घाईचा. सूत सैल बसायचं, पुढं धोट्यात अडकायचं. बाबांच्या गालात तंबाखू-सुपारीचा खर्रा, कानाशी मागाची खडखड, बोलणं व्हायचंच नाही. मग ते टाळूला जीभ लावून ‘टक्’ करायचे. एकच. मान न वळवता. टक् म्हणजे थांब... हात सांभाळ... मी आहे इथं. आईशी ते बोलायचे, सावकाराच्या दिवाणजीशी तर फार बोलायचे. माझ्या वाट्याला बहुतेक ते टक्‌च आलं. आणि गंमत अशी, की मला कधी कमी पडलं नाही.

माग पुढं मोडीत निघाला; त्याची लाकडं चुलीत गेली की कुणी उचलून नेली, हे आता घरात कुणालाच सांगता येत नाही. टक् तेवढं हेमराजच्या तोंडात राहिलं. प्रणाली चालायला लागली तेव्हा बेश्याच्या नव्या वस्तीत धड रस्ता नव्हता. ती खड्ड्याकडे निघाली की टक्. सायकल उतारावर सुटली की टक्. आणि गेली दोन वर्षं घराशेजारच्या मोकळ्या प्लॉटवर, म्हशी हाकलून, ती सराव करायची तेव्हा क्लब घाईनं उचलला गेला की कुंपणापासून — टक्. ती नुसती थांबायची. पुन्हा उभी राहायची. तीसुद्धा मान वळवायची नाही.

शेवटचा होल आला तेव्हा प्रणाली मायाच्या एका फटक्यानं पुढं होती. मायाचं खेळून झालेलं. प्रणालीचा चेंडू भोकापासून दोन हातांवर, गवत किंचित उताराचं. एवढा घातला की पुणं. ती चेंडूवर वाकली... आणि हेमराजला तिचे खांदे कानांशी चढलेले दिसले, श्वास वर अडकलेला, मनगट आताच निघालेलं —

टक्.

त्यानं केलं नव्हतं. म्हणजे, झालं होतं. एवढ्या शांततेत तो आवाज वाळकी शेंग फुटावी तसा वाजला, आणि कुणाचंच लक्ष गेलं नाही. प्रणाली थांबली. मागं सरली. खांदे खाली आले. पुन्हा उभी राहिली, आणि चेंडू जणू त्याला वाट पाठ असावी तसा गेला.

‘घ्या, गेले तुम्ही पुण्याले!’ धम्मानंदनं टाळी दिली. दिलखुलास दिली, हे हेमराजच्या ध्यानात आलं. इतवारीत सौदा हुकलेला माणूस असा हात देत नाही.

कडुनिंबाखाली टेबल मांडून एक मॅडम बसल्या होत्या. पोरींनी एकमेकींचे फटके लिहिलेली कार्डं तिथं सही करून द्यायची. प्रणालीनं पेन घेतलं आणि तसंच धरून ठेवलं.

‘मॅडम, माझ्यात दोन वाढवा.’

‘का गं?’

‘शेवटच्या वेळी बाबांनी सांगितलं मला.’

‘काय सांगितलं?’

‘थांब म्हणून.’

‘नाही वो मॅडम,’ धम्मानंद दोरी ओलांडून पुढं आला, ‘मी हेमराजभाऊच्या बाजूलेच होतो. हे काही बोललेच नाहीत. पोरगी घाबरली आहे.’

हेमराजच्या आतला दलाल चक्रावला. ज्याच्या घरात माल येऊन पडतो आहे तोच दार लावून घेतो? मायानं प्रणालीला कोपर मारलं. ‘पागल आहे का वं तू? कोणाले ऐकू आलं?’

‘मले ऐकू आलं न वं.’

मॅडमनी हेमराजकडे पाहिलं. चांगल्या बाई होत्या. त्यांनी प्रश्नातच पळवाट ठेवली. ‘तोंडानं काही आवाज झाला असेल, सवयीचा. असतं एखाद्याला. सवय आहे ना तुम्हाला?’

आहे. खोटं काय त्यात? म्हशीला करतो, लिफ्टला करतो, गिऱ्हाईक भाव पाडायला लागलं की करतो. हो म्हणालो तर एक अक्षर खोटं नाही, आणि पुणं घरात. प्रणाली माझ्याकडे पाहत नव्हती. बुटाच्या टोकानं गवत दाबत होती. हो म्हणालो तर ती कोण? नसलेलं ऐकणारी पोरगी. आणि ते टक् काय? जिभेचा चाळा. मग मागाच्या त्या खड्ड्यातल्या माणसानं मला आयुष्यभर काय सांगितलं... काहीच नाही? नुसता खर्रा सरकवला गालातल्या गालात?

‘सवय नाही,’ तो म्हणाला. ‘सांगितलं मी. थांब म्हटलं.’

मॅडमनी दोन फटके वाढवून लिहिले; माया एकानं पुढं गेली. मायाला आनंद करावा की नाही ते कळेना. धम्मानंद दोरीच्या बाहेर गेला.

परतीला स्कूटरवर बॅग दोघांच्या मध्ये होती. आरशात प्रणालीचं नुसतं हेल्मेट दिसत होतं. पुढच्या वेळी येऊ का, हे विचारायचं हेमराजनं पहिल्या वळणावर ठरवलं, मग पुढच्या चौकावर ढकललं, आणि ते ढकलता ढकलता स्कूटरची मूठ कधी पिळली गेली त्याला कळलं नाही. पुढं गतिरोधक होता.

मागून, हेल्मेटच्या आतून, आवाज आला. टक्.

स्कूटर हळू झाली. राग होता त्यात, की चेष्टा, की नुसता रस्त्याचा इशारा — मान वळवून पाहावं असं फार वाटलं, पण या घरात मान वळवायची रीत नव्हती. खिशातली खुंटी मांडीला टोचत राहिली. ती परत द्यायची राहिलीच होती. धम्मानंद स्वतःच्या पोरीची जागा घालवून माझं भरायला पुढं आला होता, त्याचं कुणी घेतलं नाही. मी बोललो तो ती बोलून झाल्यावर. भरलं ते तिनं — टक् केलं मी, आणि दोन फटके चुकते केले तिनं. माझ्या बाजूला जमा दिसत होतं ते हे मागून आलेलं टक् एवढंच, आणि ते माझं म्हणून घ्यावं का, हे तिनं अजून सांगितलेलं नव्हतं.