खाडीवेळचा मानपान

मी नमिता. खारघरला राहते, नोकरी करते, आणि उरलेल्या वेळात फुकटात 'खाडीवेळ'ची वेबसाइट सांभाळते. खाडीला भरती कधी, ओहोटी कधी, ते तिथे कळतं. प्रोजेक्ट ओपन सोर्स, म्हणजे सगळ्यांचा. कुणीही खातं उघडून बदल सुचवायचा, दोघांनी मंजूर केला की साइटवर दिसायला लागतो. हा नियम माझाच. भोगा आता!

साइट उभी आहे तळवलीच्या हिरामणकाकांच्या वह्यांवर. तीस वर्षं त्यांची बायको पुतळा रोज चिखलात उतरून काठीवरची पाण्याची खूण बघायची आणि काका वेळ लिहायचे. मागच्या वर्षी ती गेली. तुम्हाला काय देऊ, असं मी काकांना विचारलं.

"मना काय नको गो पोरी. माजे पुतळाचा नाव टाक, बस."

मी 'सहकार्य' असं पान केलं आणि एकच नाव टाकलं, पुतळा हिरामण पाटील. काकांनी ते अख्ख्या गावाला दाखवलं. तिथेच घात झाला.

दुसऱ्याच दिवशी त्यांचा पुतण्या कुंदन याने बदल सुचवला: "मोठे काका धर्मराज यांचं नाव राहिलं. वाईट दिसतं." दोघांनी मंजूर केलं. मग मामा राहिले, व्याही राहिले, क्रिकेट संघ राहिला. अहो, लग्नपत्रिका छापतात का वेबसाइट! आठवड्यात खाली ओळ आली, "आमच्या काकांच्या वेबसाइटला नक्की यायचं हं! – शिवतेज, यशराज." वर गॉगलवाले फोटो. कुंदनच्या 'सोन्या' नावाच्या शर्यतीच्या बैलाचंही खातं निघालं आणि सोन्या धडाधड मंजुऱ्या देत सुटला. जर्मनीतून मदत करणाऱ्या एका बाईंनी कौतुकाने विचारलं, "हे श्री. सोन्या कोण? फार तत्पर आहेत." मी काय सांगणार, कपाळ!

पानावर दोनशेच नावं मावतात. कुंदनने 'कैलासवासी वर नकोत, शुभकार्य आहे' म्हणून पुतळाकाकूंना तळाला नेलं, आणि दोनशे एकावं नाव चढलं तशा त्या पानावरून गायबच झाल्या.

काकांचा फोन आला. "पोरी, पुतळा दिसत नाय गो." इतकंच. माझं डोकंच फिरलं. मी नाव परत वर टाकलं, सकाळी पुन्हा तळाला. शेवटी म्हटलं, "काका, सगळं पानच उडवते, गेले खड्ड्यात!"

"नको गो. सगल्यांची तोंडं मनाच बगायची हायत."

मी चिडून रडले, खरंच रडले. इतक्या माणसांनी मिळून चालवलेल्या कामात ज्या बाईने पाय चिखलात घातले तिलाच जागा नाही! मग साइट पहिल्यापासून नीट बघितली. सगळ्या गावाचं भांडण त्या एका पानावर. पहिल्या पानावरच्या मोठ्या निळ्या बटणाकडे कुणाचं लक्षच नव्हतं. त्यावर लिहिलं होतं, 'वेळ बघा'. मी बदल सुचवला: 'पुतळाला विचारा'.

मिनिटभरात कुंदनची मंजुरी आली. "नाईस ताई." वाचलं असेल तर शपथ. दुसरी मंजुरी सोन्याची. त्या बैलाला मी मनातून दंडवत घातला.

रविवारी तळवलीला गेले. काका होड्यांपाशी जाळं विणत बसले होते. कुंदन पाण्याकडे निघालेल्या पोरांना ओरडला, "अरे, पुतळाला विचारलं काय?"

"विचारलं! साडेसहाला पानी चढंल म्हनते."

काकांचे हात थांबले. त्यांनी त्या पोरांकडे पाहिलं, मग माझ्याकडे.

"बरोबर सांगते," ते म्हणाले. "ती कदी चुकली नाय."