अस्तरातलं तिसरं कार्ड

दुकानात कापड आलं की टेलरमास्तर आधी त्याला कात्री लावत. शिवायला महिना लागला तरी चालेल, पण एकदा कापलेलं कापड गिऱ्हाईक दुसरीकडे नेऊ शकत नाही. मग आज याची बाही, उद्या त्याची कॉलर, असं सगळ्यांचं थोडं थोडं करायचं. भिंतीवरच्या खुंट्यांना अर्धवट कपडे लटकलेले असत आणि गिऱ्हाइकांचे जीवही तिथंच टांगलेले.

बायकोच्या ऑपरेशनला क्रेडिट कार्डं वापरली, तिथंही मास्तरांनी हाच कित्ता गिरवला. दोन कार्डं, दोन्हींवर दर महिन्याला थोडं थोडं. बँकेच्या कागदावर 'किमान रक्कम' म्हणून जो आकडा असे, तोच हप्ता समजून ते तीन वर्षं भरत आले.

सोमवारी दुकान बंद होतं. औषधांच्या दुकानात बिलं करणारी लेक त्या दिवशी आली. कटिंगच्या टेबलावर तिनं कागद पसरले आणि खडूनं तिथंच आकडे मांडले.

"बाबा, तुम्ही नुसतं व्याजच भरताय. मुद्दल जागचं हललेलं नाही."

"एकही तारीख चुकवली नाही मी!"

"म्हणूनच तर तुम्ही बँकांचे लाडके."

काज-बटणाच्या मशीनवर बसलेली तिची आई म्हणाली, "म्हणजे यांचंही कापड कुणीतरी आधीच कापून ठेवलंय म्हण की."

लेक हसली. मास्तर हसले नाहीत.

"हे बघा," लेक म्हणाली, "ज्याचं व्याज जास्त, ते आधी फेडायचं. दुसऱ्याला फक्त किमान रक्कम, बाकी सगळं या एकावर. हे संपलं की तेवढेच पैसे दुसऱ्यावर. मधे कार्ड वापरायचं नाही. एकवीस महिन्यांत मोकळे व्हाल." मग आईकडे वळून म्हणाली, "तुझी मशीन विकायची गरज नाही."

अकरा वर्षं हातानं काजं करून आईनं ती मशीन घेतली होती. विकायची बोलणी सुरू झाल्यापासून ती रोज तिला तेल घालायची. तिनं मशीनवर हात ठेवला आणि डोळे मिटले.

मास्तर त्या हाताकडे बघत राहिले. लेकीचा हिशेब दोन कार्डांचा होता. गप्प राहिलं तर आज मशीन वाचत होती. पण बायको ज्याच्या भरवशावर डोळे मिटून बसली होती, ते खरं नव्हतं.

त्यांनी अंगातलं जाकीट काढलं, ब्लेड घेतलं आणि अस्तराची शिवण उसवली. आतून तिसरं कार्ड निघालं. पुन्हा हात जाऊ नये म्हणून दोन महिन्यांपूर्वी त्यांनीच ते आत शिवून टाकलं होतं.

"किती?" बायकोनं विचारलं.

"एकतीस हजार."

"कशाला लागले?"

"त्या दोन कार्डांचे हप्ते भरायला."

लेकीनं तळव्यानं खडूचे आकडे पुसले. "कार्डावर रोख काढलीत? त्याला पहिल्या दिवसापासून व्याज लागतं, बाबा. तिन्हींत हेच सगळ्यात महाग."

मग बायको म्हणाली, "गिऱ्हाइकांना थापा मारता, ते माहीत होतं. मला वाटायचं, घरात तरी तुम्ही अस्तर लावून बोलत नाही."

मास्तरांना मान वर करवेना.

"मशीनचे किती येतील गं?" तिनं लेकीला विचारलं.

"तीसेक हजार."

"मग हे आधी संपवा."

गुरुवारी मशीन गेली. तिच्या टेबलावर स्क्रूची चार भोकं आणि तेलाचा डाग राहिला.

शुक्रवारी एक गिऱ्हाईक पँटचं कापड घेऊन आलं. मास्तरांचा हात सवयीनं कात्रीकडे गेला, पण मधेच थांबला. त्यांनी कापडाची घडी घातली आणि परत दिली.

"वीस दिवसांनी आणा. आधी या खुंट्या रिकाम्या करतोय."

"आणि दुसरीकडे दिलं तर?"

"तर द्या, काय करणार."

खिडकीजवळ बायको सुई-दोऱ्यानं काजं करत होती. तिनं मान वर केली नाही, पण हात पुढे केला. "तो निळा शर्ट द्या इकडे. शिवून पुरा झालाय ना? की नुसतं म्हणताय?"

मास्तरांनी शर्ट खुंटीवरून काढला. बाह्या, कॉलर, खिसा, सगळं एकदा चाचपून पाहिलं.

"पुरा आहे," ते म्हणाले आणि तिच्या हातात दिला.