न्यूरोनाथांचा पट्टा

माले गावच्या देवळासमोर पाय ठेवायला जागा नव्हती. चांद्याहून आलेले न्यूरोनाथ महाराज भगव्या कफनीत, माईक धरून बसले होते. समोर खुर्चीत भिवाजी. पक्षाघाताने त्याचा उजवा हात लुळा पडला होता.

"मेंदूत पेशी पेशीशी बोलते!" महाराज गरजले. "दोन पेशींमधली फट म्हणजे सायनॅप्स. अमेरिकेला हे आत्ता कळलं. मी ती फट मंत्रानं सांधतो!"

त्यांनी भिवाजीच्या हाताला मंतरलेला पट्टा बांधला, डोक्यावर तळवा ठेवला आणि मांडी किंचित दाबली. भिवाजीची बोटं मिटली. उघडली. पुन्हा मिटली. एकच जयघोष झाला. अर्धी गर्दी रडत होती, उरलेली मोबाइलवर टिपत होती.

"आजपासून रक्तदाबाच्या गोळ्या बंद," महाराज म्हणाले. "गोळ्यांनी पेशी मुक्या होतात."

"बंद म्हंजे बंद," भिवाजीच्या बायकोनं, तुळजाबाईनं, हात जोडले.

भिवाजीची पुतणी वैष्णवी पौडला फिजिओथेरपिस्ट आहे. बोटं मिटताना महाराजांची मांडी हलते, हे तिने हेरलं होतं. काकांच्या हाताचा पट्टा सोडून ती पुढे आली. "महाराज, हा पट्टा जरा तुमच्या हाताला बांधू?"

"खुशाल बांध! आम्हा सिद्धांवर कशाचाच परिणाम होत नाही!"

टाळ्या पडल्या. आता माघार कशी घेणार? वैष्णवीने माईक धरलेल्या हाताला पट्टा बांधला, महाराजांच्या मांडीखाली लपवलेली पट्ट्याच्या बटणाची डबी उचलली आणि बटण दाबलं.

मूठ माईकवर करकचून आवळली.

"अगं ए बाई, बंद कर! मेलो!" कर्ण्यातून गावभर ऐकू गेलं.

"फट सांधा की महाराज!" गर्दीतून कुणीतरी ओरडलं.

वैष्णवीने पट्टा सोडून आतली बॅटरी दाखवली. "असलं यंत्र आमच्याकडंही असतं. वीज हातातल्या नसेला झटका देते आणि बोटं मिटतात. मेंदूनं हुकूम दिलेलाच नसतो. काकांच्या मेंदूतल्या काही पेशी मेल्यात. उरलेल्यांना नव्या जोडण्या जमवायच्यात, त्या रोजच्या सरावानंच जमतील. आणि गोळी थांबली तर पक्षाघाताचा दुसरा झटका येऊ शकतो."

तुळजाबाई ताडकन उठली. "माजं कुकू पुसाया आला व्हतास व्हय रं?"

महाराज चपला न शोधताच गाडीत बसले.

पुढे कित्येक आठवड्यांच्या सरावानंतर भिवाजीचा अंगठा तीळभर हलला, त्याच्या स्वतःच्या हुकमाने. ते बघायला गर्दी नव्हती.

भोंदू आता अंगाऱ्यासोबत विज्ञानातले शब्दही विकतात. अवघड शब्द कानावर पडला म्हणून हात जोडू नका. कसं होतं ते विचारा, उघडून दाखवायला सांगा. आणि डॉक्टरला विचारल्याशिवाय गोळी बंद करू नका.