संगमाकडे पाठ

माझे यजमान चेलो वाजवतात. चेलो म्हणजे गुडघ्यांत धरून वाजवायचं मोठं व्हायोलिन. वाद्यवृंदाबरोबर ते बावीस वर्षं गावोगाव फिरले. तेवढीच वर्षं मी एका टेबलाशी बसून नकाशे काढले. घरात भूगोलावर बोलायचा अधिकार मात्र त्यांचा.

शहर पायांना नाही, कानांना कळतं, हे त्यांचं मत. उंचावरच्या गावांत श्रोते जास्त खोकतात. आणि कुठलंही शहर बघता बघता लहान होत जातं. हे शेवटचं मला कधी उमगलं नाही, पण पाहुणे माना डोलवत.

निवृत्त झाल्यावर मी एकच मागितलं. माझ्या पहिल्या नकाशात दोन नद्यांचा संगम होता, विमानातून घेतलेल्या फोटोंवरून काढलेला. तो मला डोळ्यांनी पाहायचा होता. त्या शहरात यांचे सात कार्यक्रम झालेले. प्रत्येक वेळी हॉटेलातून निघालेली गाडी संगमावरूनच जायची म्हणे. ते बरोबर असताना मी नकाशा उघडणं हा त्यांचा अपमान आहे, असं त्यांनी बजावलं. नकाशा घरी राहिला.

हॉटेलातून निघालो तेव्हा साडेतीन झाले होते. नदीकाठचं फाटक पाचला बंद होतं आणि परतीची गाडी सकाळी सहाची. ते पोस्टापाशी ऐटीत उजवीकडे वळले, पुढे डावीकडे, आणि आम्ही टायरच्या दुकानांत पोचलो. शहर बदललंय, असा त्यांनी निष्कर्ष काढला. पोस्टासमोरच्या फळवालीला विचारू म्हटलं तर यांचा चेहरा पडला. पुन्हा हॉटेलपासून सुरुवात केली. पुन्हा टायर. सव्वाचार झाले.

चूक दोनदा तशीच आली, म्हणजे तिला काही कारण असणार.

"अहो, गाडीत तुम्ही कुठे बसायचा?"

"मागे. चेलो धरावा लागतो ना."

"तोंड कुठे करून?"

"चेलोकडे."

चेलो गाडीच्या मागच्या दाराशी असायचा. बावीस वर्षं या माणसाने प्रत्येक गाव मागे जाताना पाहिलं होतं. शहरं लहान का होतात, तेही मला त्या क्षणी कळलं.

उजवीला डावी करा म्हटलं, तर प्रत्येक कोपऱ्यावर ते दोन्ही हात समोर धरून हिशेब करू लागले. शेवटी मी म्हटलं, "उलटे चला."

पोस्टापासून ते पाठमोरे चालू लागले. कोपर धरून मी त्यांना खांबांपासून वाचवत होते. सायकलवाले वाट देत होते, फळवाली उठून उभी राहिली. यांना मात्र सगळं ओळखू येऊ लागलं. हा दवाखाना, हे घड्याळाचं दुकान, आता माझ्या डाव्या हाताला, असं ते सांगत गेले. एकही वळण चुकलं नाही.

फाटकातून आत शिरलो. एक नदी मातकट, दुसरी हिरवी. भेटल्यावरही बऱ्याच अंतरापर्यंत त्या शेजारी शेजारी, न मिसळता वाहत होत्या. माझ्या नकाशात मी त्या संगमाच्या बिंदूपाशीच एक करून टाकल्या होत्या.

हे नदीकडे पाठ करून, आलेल्या रस्त्याकडे समाधानाने बघत होते. "बघ, अगदी तसंच आहे."

"अहो, वळा."

ते वळले. लग्नानंतर पहिल्यांदाच एखाद्या गावाबद्दल त्यांनी मला विचारलं, "यातली कुठली कुठून येते?" फाटक बंद व्हायला नऊ मिनिटं होती. ती आम्ही पूर्ण वापरली.